नजरचुकीचं पीक

पहिल्या फळाला आपल्याकडे मोठा मान. दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या दाराला लागतात, गोव्यात चवथीच्या माटोळीला हंगामातलं नवं ते टांगतात, आणि पहिली काकडी आधी देवाला दाखवून मग विळीवर यावी असं मानणारी घरं अजून पुष्कळ आहेत. शेवटच्या फळाचं मात्र कुणी काही करत नाही. त्याची वाटही कुणी पाहत नाही. हंगाम आटोपला असं सगळ्यांनी मिळून ठरवल्यावर, कुणीतरी कोयता घेऊन वाडी साफ करायला गेलं की ते सापडतं. मग ‘अरे, हा इथे होता होय!’ असा एक उद्गार निघतो आणि विषय तिथंच संपतो. तो संपू नये असं मला वाटतं. आवराआवरीत हाती लागणारं हे फळ नशिबानं मिळत नाही आणि निसर्गाच्या कृपेनंही मिळत नाही. ते दुर्लक्षाचं रीतसर पीक आहे. त्याला ठरलेला हंगाम आहे, ठरलेली कारणं आहेत आणि ठरलेलं गिऱ्हाईकही आहे. फक्त सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही.

हा हंगाम पाहायचा तर वटारसारखं गाव बरं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, राजोडीच्या समुद्राच्या अंगाला, आगाशी आणि निर्मळ यांच्या मधल्या पट्ट्यातलं हे गाव. वसईच्या या पट्ट्यात शेताला शेत म्हणण्यापेक्षा वाडी म्हणण्याची पद्धत. केळी, पानवेल, फुलं आणि भाजी अशी सगळी मंडळी एकाच विहिरीच्या पाण्यावर जगतात. पावसाळ्यात इथले मांडव दुधी, शिराळी, घोसाळी, कारली, पडवळ यांनी भरलेले असतात. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं की पानांवर भुरी चढते, वेल खालून वाळत वर जातो, आणि दिवाळी ते निर्मळची कार्तिकी यात्रा या सुमाराला मांडव उतरवायची वेळ येते. वाल, मुळा, नवलकोल, कोथिंबीर यांना जागा हवी असते. पानांचा पडदा ओढला की आतला ऐवज दिसू लागतो. कोपऱ्यात बांबूला टेकून मांडीएवढा झालेला दुधी, त्याची जमिनीकडची बाजू उन्हावाचून पांढुरकी राहिलेली. हलवलं की आत बिया खुळखुळणारं, हातात घेतलं तर कागदासारखं हलकं घोसाळं. पिकून नारिंगी झालेलं, तीन फाकांत उकललेलं कारलं आणि त्यातल्या लालभडक बिया. हिरवं असताना कुणालाही नको झालेलं कारलं इतकं सुंदर दिसू शकतं हे फक्त उशिरा येणाऱ्याला कळतं.

आता कारणांकडे येऊ. पहिलं कारण वेलाचं. आपण ज्यांना फळभाज्या म्हणतो त्यातल्या बहुतेक आपण फळ होण्याआधीच खातो. दुधी, भेंडी, काकडी, शिराळं, पडवळ, वालपापडी, सगळी कोवळी. बी धरायच्या आत तोडणं हीच त्यांच्या काढणीची व्याख्या. वेलाचा हिशेब बरोबर याच्या उलट. त्याला बी पिकवायचं असतं, भाजी वाढवायची नसते. हिरव्या पानांआड हिरवं फळ हा त्याचा बंदोबस्त आहे. फळ पिकून कुणीतरी ते खावं आणि बी लांब नेऊन टाकावं असं वाटू लागलं, की मग तो कारल्याला नारिंगी रंग चढवतो. म्हणजे जून महिन्यापासून मांडवाखाली एक झगडा चालू असतो. त्यात आपण रोज जिंकतो आणि वेल एकदाच, पण शेवटी जिंकतो. आवराआवरीत सापडलेला दुधी हा वेलाचा विजय आहे. त्याला आपण ‘बोनस’ म्हणतो, ही हरणाऱ्याची जुनी खोड.

दुसरं कारण माणसाचं, आणि ते जास्त मजेदार आहे. इतका मोठा दुधी दिसला कसा नाही, असा प्रश्न घरातली जाणती माणसं विचारतात. प्रश्न रास्त वाटतो, पण उलटा आहे. तो मोठा होता म्हणूनच दिसला नाही. भाजी तोडणारी नजर मापाला बसलेली असते. वाडीतली भाजी वर्षानुवर्षं मुंबईच्या बाजारासाठी निघते, टोपली भरायची घाई असते, आणि बाजाराला सगळे दुधी एका उंचीचे, एका जाडीचे लागतात, शाळेच्या कवायतीत उभे केल्यासारखे. तोडणारा हात हातभर दुधी शोधत मांडवाखालून झपाझप जातो. जो दुधी एका फेरीत कोवळा म्हणून सोडला आणि पुढच्या फेरीत पानाआड गेला, तो तिसऱ्या फेरीपर्यंत मापाबाहेर गेलेला असतो. तिथून पुढे तो दुधी राहत नाही, मांडवाचा खांब होतो. त्याच्यावर हात टेकवून शेजारचा दुधी तोडला जातो. आवराआवरीला आलेल्या माणसापुढे असं कुठलंच माप नसतं. त्याला सगळंच काढून टाकायचं असतं, म्हणून त्याला सगळंच दिसतं.

इथे या पिकाचा सर्वांत सांस्कृतिक भाग सुरू होतो. असा दुधी सापडल्याबरोबर वाडीचा मालक शांतपणे सांगतो, ‘तो बियाण्याला ठेवलाय.’ वटारच्या किंवा कुठल्याही गावच्या वाडीत हे वाक्य न ऐकता मांडव उतरल्याचं उदाहरण मिळणं कठीण. आता बियाण्याला फळ राखायची पद्धत खरोखर आहे, आणि चांगली आहे. जोमदार वेल बघून, निरोगी, जातीला धरून असलेलं फळ निवडतात, त्याला चिंधी किंवा सुतळी बांधतात, घरात बजावून ठेवतात की याला हात लावू नका. आवराआवरीत सापडलेल्या दुधीला चिंधी नसते. त्याची निवड त्याच्या गुणांवर झालेली नसते, तो दडण्यात पटाईत निघाला एवढंच. शिवाय वेल जर दुकानातून आणलेल्या संकरित बियाण्याच्या पाकिटातला असेल, तर त्याचं बी पेरून पुढच्या वर्षी तसाच दुधी मिळेल याची काही खात्री नाही. एका वेलाला सुरई लागेल, दुसऱ्याला कमंडलू. तरीही ‘बियाण्याला ठेवलाय’ हे वाक्य मला खोटं वाटत नाही. ते मागाहून घेतलेला ठराव आहे. सरकारं, सहकारी सोसायट्या आणि लग्न जमवणारी मंडळी हाच मार्ग वापरतात. आधी घडू द्यायचं, मग ते धोरण होतं असं जाहीर करायचं. आणि खरोखरच त्यातलं मूठभर बी राखेत घोळवून डब्यात जातं. हेतू मागून आला तरी बी उगवायचं थांबत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. हे सगळं म्हणजे आळसाला दिलेलं शालजोडीतलं नाव आहे, वेळेवर तोडलं असतं तर चार पैसे मिळाले असते. चार पैशांबद्दल माझा वाद नाही. पण जून झालेलं फळ म्हणजे वाया गेलेलं फळ, हे आपल्या स्वयंपाकघरालाच मान्य नाही. आपल्या कितीतरी पदार्थांचा जन्मच तोडायला उशीर झाल्यामुळे झालेला दिसतो. वालपापडी वेळेवर तोडली तर ती पापडी, वेलावर वाळली तर वाल. आणि त्या वालाला मोड आणून, सोलून केलेल्या बिरड्याच्या वाटीसाठी माणसं घरातले जुने वाद बाजूला ठेवतात. काकडी विसरली की तिचं तवसं होतं, आणि तवशाचं गोड धोंडस कोवळ्या काकडीला जमणार नाही. मुळा उपटायचा राहिला, फुलावर आला, की त्याला शेंगा धरतात. त्या डिंगऱ्या बाजारात दिसल्या की मुळ्याकडे ढुंकून न पाहणारे लोक पिशवी पुढे करतात. कोथिंबीर हाताबाहेर गेली की धणे. पहिला धणा कुणी मुद्दाम पिकवला असेल यावर माझा विश्वास नाही. कोथिंबिरीची जुडी बांधायची विसरलेल्या कुणाचं तरी ते काम असणार.

घोसाळ्याची कथा तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालावी अशी. कोवळं घोसाळं भजीपुरतं विचारलं जातं, एरवी भाजीवाली ते उगाच टोपलीत वर ठेवते. तेच घोसाळं विसरलं, वाळलं, साल झडलं, बिया झटकल्या, की आत तंतूंची सुबक जाळी निघते आणि अंग घासायला पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडते. आता तीच जाळी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ‘नैसर्गिक लूफा’ म्हणून विकतात, तेव्हा तिच्या एका नगाच्या किमतीत कोवळ्या घोसाळ्यांची पिशवी येते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तर ही वाळकी घोसाळी जपानातून अमेरिकेत जात आणि जहाजांच्या इंजिनांत गाळणी म्हणून बसवली जात. भज्यांसाठी वेळेवर तोडलेल्या घोसाळ्याला असा परदेश प्रवास घडलेला नाही. दुधीच्या भाऊबंदांचंही तेच. वेलावर जून होऊन वाळलेला भोपळा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी कोकणपट्टीत अजून आहे. मिरजेच्या कारागिरांना सतार आणि तंबोऱ्यासाठी लागणारे कडू भोपळे पंढरपूरच्या बाजूला मुद्दाम पिकवून वाळवले जातात, आणि मिरजेच्या या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तो वेगळ्या जातीचा, जाणूनबुजून राखलेला भोपळा, हे कबूल. पण भोपळा वाळला की घुमतो हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल? वेळेवर भाजी करून मोकळ्या होणाऱ्या घरात ते कळणं शक्य नव्हतं.

जमिनीखालच्या पिकांबद्दल थोडं वेगळं बोलावं लागतं. कोनफळ, रताळं, करांदा, हळद, अळकुड्या ही मंडळी लपतात, पण लबाडीनं नव्हे. त्यांचा तो पत्ताच आहे. तरी मोजमाप तिथंही चुकतं. रताळ्याचा वाफा कितीही निगुतीनं खणा, दोन-चार आत राहतातच, आणि पुढच्या पावसात भलत्याच भाजीच्या वाफ्यात त्यांचे वेल डोकं काढतात. करांद्याचा वेल आपले काही कंद वरच लटकवतो आणि मग ते पानांच्या कचऱ्यात टाकून मोकळा होतो. पाला गोळा करणाऱ्याच्या हाताला दगड लागला असं वाटतं, तो करांदा निघतो. थंडीच्या दिवसांत पालघरकडे उकडहंडी लावतात. मडक्यात कोनफळ, रताळं, वालाच्या शेंगा, बटाटा, जे असेल ते मसाल्यासकट भरून मडकं पाल्यानं झाकायचं आणि विस्तवावर ठेवायचं. तिच्या पाककृतीबद्दल घरोघर मतभेद आहेत, आणि ते असणारच. आवराआवरीत जे हाती लागलं ते मडक्यात, अशीच तिची मूळ पाककृती असावी असा माझा संशय आहे. प्रमाण विचारणाऱ्याला अजूनही ‘अंदाजानं’ हेच उत्तर मिळतं.

कृषी खात्याच्या बाजूनं येणारा आक्षेप जास्त वजनदार आहे. वेलावर राहिलेलं, किडलेलं फळ म्हणजे फळमाशीचं सूतिकागृह. तिच्या अळ्या आत वाढतात, मातीत कोष करतात आणि पुढच्या पिकावर उतरतात. म्हणून सडकी फळं गोळा करून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, वाडी वेळेवर स्वच्छ करा. शिवाय एक फळ पिकू दिलं की वेल आपली ताकद त्याच्यातल्या बियांकडे वळवतो आणि नवी फळं धरायची कमी करतो. एक विसरलेला दुधी आपल्यामागून येणाऱ्या भावंडांची वाट अडवून बसतो. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. त्यांना माझ्याजवळ उत्तर नाही, फक्त तारीख आहे. जुलैत विसरलेला दुधी हा नुकसानीचा दुधी. तो दिसेल तेव्हा काढावा. दसऱ्यानंतर विसरलेला दुधी कुणाचीच वाट अडवत नाही, कारण मागून येणारं कुणी उरलेलं नसतं. तोवर वेलही थकलेला असतो आणि मालकही. किडका असेल तर खड्ड्यात, धड असेल तर घरात. इतका भेद करायला सल्लागार लागत नाही, दुधी वाजवून पाहायला बोट पुरतं.

आणखी एक आक्षेप हुशार लोक घेतात. आठवतं ते सापडलेलं. ज्या वर्षी मांडव उतरवून काहीच निघालं नाही ते वर्ष कुणी सांगत बसत नाही, म्हणून हे पीक दरवर्षी येतं असा भास होतो. हे म्हणणं मी लगेच मानलं असतं, पण पुरावा आड येतो, आणि पुरावा शेजाऱ्यांच्या घरात असतो. जून दुधी बाजारात जात नाही, मालकाच्या घरात खपत नाही. तो वाटावा लागतो. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात गावात दुधी हातात घेऊन फिरणारी माणसं दिसतात. घेणारी माणसं त्यांना लांबून ओळखतात आणि काही घरांची दारं त्या वेळी अकारण लोटलेली असतात. ‘मावशी, घरचा आहे हो, फवारणी नाही की काही नाही!’ असं म्हणून तो पुढे केला जातो. मावशीही मुरलेल्या असतात. ‘फवारायला तरी तुला दिसला कुठे असेल?’ असं म्हणत त्या दुधी घेतात, किसून हलवा करतात, त्यातल्या बिया बाजूला काढतात आणि चार दिवसांनी बदल्यात आपल्या वाडीतलं जून घोसाळं पाठवतात. आठवणीतला भास असता तर त्याचा हलवा झाला नसता.

पहिल्याच परिच्छेदात शेवटच्या फळाचं कुणी काही करत नाही असं म्हटलं, त्याला एक अपवाद आहे, आणि तो या गावाच्या अगदी उशाला आहे. बायबलचं ‘सुबोध बायबल’ हे मराठी रूप करून 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे शेजारच्या नंदाखालचे. त्या बायबलात, जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात, विसरलेल्या पिकाचा चक्क कायदा आहे. शेतात एखादी पेंढी विसरली तर ती आणायला मागे फिरू नकोस. ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची. जैतुनाला आणि द्राक्षालाही तोच नियम. आपल्याकडे सरवा वेचायची रीत होती, महाभारतात शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारा उंछवृत्तीचा ब्राह्मण आहे. पण तिथं प्रश्न सांडण्याचा आहे, विसरण्याचा नाही. विसरणं कायद्यात बसवायचं म्हणजे अवघड काम, कारण हे पुण्य ठरवून करता येत नाही. ठरवलं की ते विसरणं राहत नाही, दान होतं. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना नावाच्या ग्रंथात ज्यू पंडितांनी यावर मनसोक्त काथ्याकूट केला आहे. हिलेलचे अनुयायी म्हणतात दोन पेंढ्या राहिल्या तर विसरल्या, तीन राहिल्या तर नाही. शम्मायचे अनुयायी म्हणतात तिनांपर्यंत गरिबांच्या, चार असतील तर मालकाच्या. बियाण्याला ठेवल्या होत्या, असा बचाव कुणी केला असता तर काय निकाल लागला असता हे पाहण्यासारखं होतं.

वाडीत हा कायदा न वाचता बराचसा पाळला जातो. मांडव उतरवायला आलेल्या मजूर बायांना सापडलेली भाजी न्यायला कुणी हरकत घेत नाही. हंगामाच्या ऐन भरात हाच दुधी उचलला तर त्याचा हिशेब झाला असता. ‘ने ग, आमच्याकडे कोण खाणार’ हे औदार्य आहे की अडचण, ते ज्यानं त्यानं ठरवावं. दुधी घरी पोचतो हे खरं.

इतकं नियमित पीक सरकारदरबारी नाही याचं मला वाईट वाटतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून फोनमध्ये पिकाचा फोटो चढवायचा अशी सोय झाली. त्यात मुख्य पीक आहे, मिश्र पीक आहे, बांधावरची झाडं आहेत. नजरचुकीच्या पिकाला रकाना नाही. यावर तलाठी म्हणेल की जे दिसत नाही त्याचा फोटो कसा काढणार, आणि त्याचं चूक नाही. पण दिसत नव्हतं म्हणूनच ते आलं, हीही वस्तुस्थिती आहे. ज्या शेतीत प्रत्येक फळ दिसतं तिथं हे पीक येत नाही. पाहायचं असेल तर वटारहून नालासोपाऱ्याच्या स्टेशनाकडे यावं. तिथल्या पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोन कुंड्यांत टोमॅटो असतो, त्याला किती फुलं आली, किती गळली, किती फळं धरली हे घरातल्या सर्वांना तोंडपाठ असतं. तिथं विसरायला जागाच नाही, म्हणून सापडायला काही नाही. अपवाद एकच. कधीतरी फ्रिजमध्ये कोंब आलेला आल्याचा तुकडा टाकवेना म्हणून कुंडीच्या कडेला खोचला जातो, आणि पानं वाळली तेव्हा रोप मेलं समजून घरातले त्याला विसरतात. वर्षाअखेर माती बदलायला कुंडी पालथी केली की बोटभर आलं निघतं. संध्याकाळचा चहा त्याच आल्याचा होतो, त्याआधी आल्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो, आणि खाली लिहिलेलं असतं की हे आम्ही मुद्दाम सेंद्रिय पद्धतीनं लावलं होतं.